जुना संगणक, जुने खेळ, कार्ड कोणते?

उत्तर नागपुरातील जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी आकाराला आणलेली वस्ती. व्यापार हा तेथील अनेक घरांचा व्यवसाय. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अशा घरांत संगणक शिरला तो प्रथम हिशेबाच्या निमित्ताने. दिवसा त्यावर ‘टॅली’ चाले आणि दुकानाचे शटर खाली आले की त्याच यंत्रावर ‘रोड रॅश’, ‘नीड फॉर स्पीड’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स’ सुरू होई. त्या वेळची शाळकरी मुले आता चाळिशीच्या घरात आली आहेत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली उतरलेला, पिवळट पडलेला तो कॅबिनेट भंगारात द्यायचा की पुन्हा सुरू करायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

पुन्हा सुरू करायचे ठरले की पहिला विचार येतो तो ग्राफिक्स कार्डाचा. लहानपणी जे कार्ड परवडले नाही, ते आता सहज घेता येईल असे वाटते आणि जुन्या बाजारात जे सर्वांत ताकदवान मिळेल ते उचलले जाते. चूक येथेच होते. नव्या संगणकात महागडे कार्ड बसवले तर फार तर पैसे जास्त जातात. जुन्या संगणकात चुकीचे कार्ड बसवले तर खेळच सुरू होत नाही, चित्र विद्रूप दिसते आणि वाईट योग असेल तर मदरबोर्ड कायमचा निकामी होतो. हे मदरबोर्ड आता कोणी बनवत नाही. म्हणून निवड कार्डापासून न करता उलट टोकाकडून करावी लागते. आधी बोर्डावर कोणता स्लॉट आहे ते पाहायचे, मग खेळ कोणत्या सालचे आहेत ते ठरवायचे आणि त्यानंतरच कार्डाचे नाव घ्यायचे.

आधी बोर्ड, मग बाजार

कॅबिनेटचे झाकण काढल्यावर बोर्डावर सहसा तीन रंगांचे स्लॉट दिसतात. काळे व लांब ते आयएसए, पांढरे ते पीसीआय आणि प्रोसेसरच्या बाजूला, कॅबिनेटच्या मागच्या कडेपासून थोडा आत सरकलेला, बहुधा तपकिरी रंगाचा स्लॉट तो एजीपी. ग्राफिक्स कार्डासाठी खास काढलेला हा मार्ग इंटेलने १९९६ मध्ये जाहीर केला. पीसीआय स्लॉटमधून सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट माहिती जाऊ शके आणि तीही सर्व कार्डांत वाटून. एजीपीच्या पहिल्याच आवृत्तीने हा वेग २६६ मेगाबाइटवर नेला. २००२ मध्ये आलेल्या ‘८-एक्स’ आवृत्तीत तो २१०० मेगाबाइटच्या पुढे गेला.

हिशेबासाठी घेतलेल्या संगणकांची गोष्ट मात्र वेगळी होती. ते स्वस्तात जुळवलेले असत आणि अशा यंत्रांत इंटेलचा १९९९ मधील ‘८१०’ हा चिपसेट सर्रास आढळे. त्यात चित्र दाखवण्याची सोय चिपसेटमध्येच होती, पण एजीपी स्लॉट मुळीच नव्हता. पुढे पेंटियम-४ च्या काळात ‘८४५जीएल’, ‘८४५जीव्ही’ आणि ‘८६५जीव्ही’ या चिपसेटचे बोर्डही असेच एजीपीविना आले. नावातल्या एका अक्षराने किती फरक पडावा! ‘८४५जी’ला एजीपी स्लॉट जोडता येतो, ‘८४५जीव्ही’ला येत नाही. शिवाय अशा काही बोर्डांवर ‘एएमआर’ नावाचा एक आखूड तपकिरी स्लॉट असतो. तो मोडेमसाठी आहे. रंग पाहून त्यालाच एजीपी समजणारे कमी नाहीत.

एजीपी नसेल तर पीसीआय कार्डाचाच पर्याय उरतो. थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू-२’ आणि ‘व्हूडू-३’, एनव्हिडियाचे ‘जीफोर्स-२ एमएक्स’ आणि ‘एफएक्स ५२००’ ही कार्डे पीसीआयमध्येही निघाली होती. त्यांचा वेग एजीपी भावंडांपेक्षा कमी भरतो. तरी २००० सालापर्यंतच्या खेळांना तो पुरतो आणि टॅलीच्या यंत्राकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवणेही बरे नव्हे.

खाच पाहिल्याशिवाय कार्ड खोचू नये

एजीपी असल्यास पुढचा प्रश्न व्होल्टचा. दुर्लक्ष झाले तर बोर्ड जळतो तो याच ठिकाणी. १९९७-९८ मधली एजीपी कार्डे ३.३ व्होल्टवर संदेश पाठवत. ‘४-एक्स’ वेगाबरोबर १.५ व्होल्टची पद्धत आली आणि ‘८-एक्स’मध्ये संदेशाचा दाब आणखी उतरून ०.८ व्होल्टवर आला. चुकीचा जोड बसू नये म्हणून स्लॉटमध्ये एक आडकाठी आणि कार्डाच्या सोनेरी कडेला तिच्या जागी खाच, अशी व्यवस्था ठेवण्यात आली.

ती ओळखायची खूण सोपी आहे. कार्डाची धातूची पट्टी, म्हणजे जेथे मॉनिटरची वायर लागते ती बाजू, डाव्या हाताला धरावी. खाच त्या पट्टीच्या जवळ असेल तर कार्ड ३.३ व्होल्टचे. खाच पट्टीपासून दूर असेल तर १.५ व्होल्टचे. दोन्ही ठिकाणी खाचा असतील तर कार्ड दोन्ही चालवते, असे समजायचे. स्लॉटमधील आडकाठीही याच नियमाने वाचता येते आणि आडकाठीच नसेल तर तो स्लॉट दोन्ही दाबांचा.

पेंटियम-२ व पेंटियम-३ साठी गाजलेला इंटेलचा ‘४४०बीएक्स’ चिपसेट केवळ ३.३ व्होल्टचा होता. २००० मधील ‘८१५’ दोन्ही चालवू शके. पेंटियम-४ च्या ‘८४५’, ‘८५०’ आणि ‘८६५’ या चिपसेटना मात्र १.५ व्होल्टच चालतो. ‘व्हूडू-३’ व त्याआधीची एजीपी कार्डे निव्वळ ३.३ व्होल्टची आहेत. म्हणजे पेंटियम-४ च्या यंत्रात एजीपी ‘व्हूडू-३’ लावण्याची इच्छा सोडून द्यावी हेच उत्तम.

खाच योग्य ठिकाणी असेल तर चुकीचे कार्ड आत जातच नाही, एवढ्यावर मात्र विसंबू नये. ‘टीएनटी-२’च्या काळातील काही स्वस्त कार्डांवर दोन्ही खाचा पाडलेल्या होत्या, प्रत्यक्षात त्यांना ३.३ व्होल्टच लागत असे. अशी कार्डे ‘८४५’च्या बोर्डात बसली आणि बोर्ड गेले. स्वस्त कार्ड अनोळखी बनावटीचे असेल तर चिपचे नाव वाचून, ती मूळ कोणत्या व्होल्टची आहे हे तपासूनच पुढे जावे. स्लॉटमध्ये कार्ड जोर लावून बसवण्याचा तर प्रश्नच येत नाही. ते अडत असेल तर अडण्याला कारण असते.

कोणता खेळ, कोणते साल

जुन्या खेळांचा काळ एकसंध नाही. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत ग्राफिक्स कार्डांची घडण चार-पाच वेळा मुळापासून बदलली आणि प्रत्येक पिढीचे खेळ आपापल्या कार्डांची भाषा बोलत राहिले. त्यामुळे ‘सर्व जुन्या खेळांसाठी एक कार्ड’ ही कल्पना मनातून काढून टाकलेली बरी. कोणते दहा खेळ खरोखर खेळायचे आहेत, त्यांची यादी कागदावर लिहावी आणि प्रत्येकापुढे साल टाकावे.

‘डेव्ह’ आणि पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे डॉसचे खेळ. शाळेच्या संगणक खोलीत अनेकांची पहिली ओळख यांच्याशीच झाली. त्यांना त्रिमितीय कार्डाची गरज नाही, जुन्या व्हीजीए पद्धतीशी प्रामाणिक असलेले कार्ड हवे. एस-३ कंपनीची ‘ट्रायो ६४’ व ‘व्हर्ज’ ही कार्डे या कामात आजही नावाजली जातात. ‘व्हर्ज’ची त्रिमितीय करामत इतकी मंद होती की तिला वेग वाढवणारे नव्हे तर वेग घटवणारे कार्ड म्हणून हिणवले गेले. डॉससाठी मात्र ते गुणी आहे. १९९६ चा ‘रोड रॅश’ किंवा १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स-२’ यांनाही त्रिमितीय कार्ड लागत नाही. त्यांच्यासाठी खास कार्ड शोधत फिरणे व्यर्थ. बोर्डावरची सोयसुद्धा पुरेल.

खरी चुरस सुरू होते १९९६ पासून. त्या वर्षी थ्रीडीएफएक्सचे पहिले ‘व्हूडू’ बाजारात आले आणि घरातल्या संगणकावर त्रिमितीय चित्र प्रथमच सफाईने हलू लागले. हे कार्ड केवळ त्रिमितीय काम करी. साधे चित्र दाखवण्यासाठी दुसरे कार्ड लागे आणि दोन्ही एका आखूड वायरने बाहेरून जोडावी लागत. १९९८ च्या ‘व्हूडू-२’चीही तीच रीत. त्याची दोन कार्डे एकत्र जोडली की १०२४ गुणिले ७६८ बिंदूंपर्यंत मजल जाई, एकटे कार्ड ८०० गुणिले ६०० वर थांबे. या कंपनीने खेळांसाठी ‘ग्लाइड’ नावाची स्वतःची आज्ञाप्रणाली तयार केली होती आणि त्या तीन-चार वर्षांतले अनेक खेळ आधी तिच्यासाठी लिहिले गेले. १९९७ चा ‘नीड फॉर स्पीड-२ स्पेशल एडिशन’ कार्डाची मदत घेतो ती ग्लाइडमार्फतच. दुसरे कितीही महाग कार्ड लावले तरी तो साध्या, दाणेदार चित्रावरच चालतो. १९९८ चा ‘अनरिअल’ही ग्लाइडवर जसा शोभतो तसा अन्यत्र नाही. अशा खेळांसाठी १९९९ चे ‘व्हूडू-३’ हे सर्वांत सुटसुटीत उत्तर. त्यात द्विमितीय भाग सोबतच असल्याने दुसऱ्या कार्डाची कटकट नाही. उणीव एवढीच की ते त्रिमितीय चित्रात १६ बिटांच्या पलीकडे रंग दाखवत नाही. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरवले आणि ही कार्डे तेथेच थांबली. आज जुन्या बाजारात त्यांना सर्वाधिक भाव येतो त्याचे एक कारण हेही आहे. ‘व्हूडू-५’ तर संग्राहकांच्या कपाटात गेले आहे. खेळण्यासाठी त्याच्यामागे धावण्यात शहाणपण नाही.

१९९९ ते २००२ हा काळ एनव्हिडियाचा. ‘क्वेक-३’, ‘प्रोजेक्ट आयजीआय’, ‘मॅक्स पेन’, ‘माफिया’ या खेळांसाठी ‘जीफोर्स-२’पासून ‘जीफोर्स-४ टीआय’पर्यंत कोणतेही कार्ड चालेल. त्यातही २००२ चे ‘टीआय ४२००’ हे विंडोज ९८ साठी सर्वांत समतोल म्हणावे लागेल. वेग पुरेसा, उष्णता आटोक्यात आणि जुन्या खेळांच्या खोडी त्याला ठाऊक. या खोडी म्हणजे काय, तर त्या काळातील काही खेळ २५६ रंगांच्या तक्त्यावर बेतलेली चित्रे वापरत आणि दूरचे धुके दाखवण्यासाठी एक जुनी युक्ती योजत. एनव्हिडियाच्या ‘एफएक्स’ मालिकेपर्यंतची कार्डे ही रंगांची तक्तापद्धत जाणतात, ‘जीफोर्स-६’पासून ती वगळण्यात आली. एटीआयच्या अनेक रेडिऑन कार्डांवर तर ते जुने धुकेच उमटत नाही. खेळ चालतो, पण जेथे धूसर डोंगर असायला हवेत तेथे कापल्यासारखी कडा दिसते. २००२ चा ‘स्प्लिंटर सेल’ हा आणखी एक नमुना. अंधार आणि सावली हाच त्याचा प्राण आणि त्या सावल्या मूळ रूपात दिसतात त्या ‘जीफोर्स-३’, ‘जीफोर्स-४ टीआय’ व ‘एफएक्स’ या कार्डांवर. नंतरचे, कितीतरी वेगवान कार्ड लावले तर सावल्या बिघडतात. ताकद वाढली की चित्र सुधारतेच, हा समज येथे साफ खोटा ठरतो.

‘फार क्राय’, ‘डूम-३’ आणि ‘हाफ-लाइफ २’ हे तिन्ही २००४ चे. येथे विंडोज एक्सपी आणि डायरेक्टएक्स ९ यांचे राज्य. ऑगस्ट २००२ मध्ये आलेले एटीआयचे ‘रेडिऑन ९७०० प्रो’ आणि त्यापुढचे ‘९८०० प्रो’ या पिढीचे मानकरी. एनव्हिडियाची ‘एफएक्स’ मालिका डायरेक्टएक्स ९ मध्ये त्यांच्यापुढे फिकी पडली. ‘जीफोर्स ६६००जीटी’ व ‘६८००’ने ती कसर भरून काढली. ‘क्रिकेट ०७’पर्यंतचे सारे एक्सपीचे खेळ यांवर सुखाने चालतात. २००४ नंतरच्या बोर्डांवर एजीपीची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली. तेथे एक्सपीसाठी २००७ चे ‘८८००जीटी’ पाहावे. ती निवड सोपी आहे आणि त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही.

विंडोजची मर्यादा

कार्ड उत्तम, पण त्याचा ड्रायव्हरच त्या विंडोजसाठी नाही, अशी फसगत वारंवार होते. विंडोज ९८ साठी एनव्हिडियाचा अखेरचा अधिकृत ड्रायव्हर ८१.९८ क्रमांकाचा, डिसेंबर २००५ मधला. एटीआयचा अखेरचा ‘कॅटालिस्ट ६.२’, फेब्रुवारी २००६ मधला. त्यानंतरची कार्डे विंडोज ९८ मध्ये केवळ अक्षरे दाखवण्याच्या लायकीची उरतात. शेवटचा ड्रायव्हर सर्वांत चांगला, असेही नाही. ‘जीफोर्स-४’ व ‘एफएक्स’ कार्डांसाठी जुन्या खेळांचे शौकीन ४५.२३ हा मधला ड्रायव्हर पसंत करतात.

विंडोज ९८ ची आणखी एक अडचण स्मरणशक्तीची. ५१२ मेगाबाइटपेक्षा जास्त रॅम लावली की ही प्रणाली अडखळू लागते आणि मोठ्या मेमरीचे एजीपी कार्ड सोबत असेल तर अधिकच. दुकानदार आग्रहाने एक गिगाबाइट रॅम देऊ लागला तरी ती नाकारणे हिताचे.

नावाला भुलू नये

त्या काळातील कंपन्यांनी ग्राहकाला चकवण्यात कसर ठेवली नव्हती. ‘जीफोर्स-४ एमएक्स ४४०’ हे नाव वाचून ते ‘जीफोर्स-३’च्या पुढचे असावे असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याची घडण ‘जीफोर्स-२’ची. प्रत्येक बिंदूवर स्वतंत्र प्रक्रिया करण्याची ‘पिक्सेल शेडर’ ही सोय त्यात नाही. ‘काउंटर स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’ त्याच्यावर उत्तम चालतात. मात्र २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. आपल्याकडे एमएक्स कार्डे फार खपली होती, त्यामुळे जुन्या बाजारात तीच जास्त दिसतात. किंमत योग्य असेल तर घ्यावीत, मात्र ती काय आहेत हे जाणून घ्यावीत.

दुसरा सापळा मेमरीच्या मार्गाच्या रुंदीचा. ‘टीएनटी-२ एम ६४’, ‘जीफोर्स-२ एमएक्स २००’, ‘रेडिऑन ९६०० एसई’ आणि ‘एफएक्स ५२००’ची कित्येक कार्डे १२८ ऐवजी ६४ बिटांच्या मार्गाची होती. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२५६ एमबी’ लिहिलेले असे, पण ती मेमरी भरायला अरुंद नळ. दुकानात उभ्याउभ्या ओळखण्याचा एक ढोबळ उपाय आहे. कार्डावरच्या लांबट, दोन्ही बाजूंना पाय असलेल्या मेमरी चिप मोजाव्यात. दोन्ही अंगांना मिळून चारच असतील तर बहुधा ६४ बिट, आठ असतील तर बहुधा १२८.

उन्हाळा, कूलर आणि फुगलेले कपॅसिटर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोली ४० अंशांवर असताना कार्डाचा पंखा त्याच हवेने चिप थंड करायला पाहतो, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या पंख्याकडून फार आशा ठेवता येत नाही. त्यात वऱ्हाड-नागपूरकडच्या घरांतील उन्हाळ्याचा आधार म्हणजे पाण्याचा कूलर. माणसाला तो सुखावतो, उघड्या कॅबिनेटवर मात्र दमट हवा आणि धूळ एकत्र बसवतो. येथे अनेक वर्षे वापरलेल्या कार्डाच्या पंख्यात धुळीची घट्ट गादी सापडते ती अशी. त्यामुळे ज्यांना खेळण्याचा आनंद हवा आहे त्यांनी पंखाविरहित किंवा कमी उष्णतेच्या कार्डाला झुकते माप द्यावे. ‘९८०० प्रो’सारखे तापट कार्ड घ्यायचेच असेल तर पंखा बदलून आणि वाळलेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावूनच वापरावे.

घेण्यापूर्वी कपॅसिटर पाहावेत. १९९९ ते २००७ या सुमारास जगभर सदोष कपॅसिटरांची लाट आली होती आणि तिच्यातले मदरबोर्ड व कार्डे अजून बाहेर येतात. उभ्या डब्याचे डोके फुगलेले, वर तपकिरी डाग किंवा तळाशी गळती दिसली तर कार्ड आजारी समजावे. तरी ते मेलेले नाही. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो. नवा कपॅसिटर १०५ अंशांचा, कमी अंतर्गत रोधाचा, तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि निदान तितक्याच व्होल्टचा असावा, एवढे त्याला आवर्जून सांगावे.

शक्य असेल तर कार्ड चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा. संगणक सुरू होताच येणाऱ्या पहिल्या काळ्या पडद्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे किंवा उभ्या रेघा दिसल्या तर मेमरी गेली आहे. नुसते डेस्कटॉप पाहून समाधान मानू नये. अर्धा तास त्रिमितीय खेळ चालवल्यावर जे कार्ड टिकते तेच खरे.

विजेचा आणि पडद्याचा हिशेब

एजीपी स्लॉट साधारण ४० वॅटच्या आसपास वीज देऊ शकतो. त्यापुढच्या कार्डांना वेगळी वायर लागते. येथे एसएमपीएसचा प्रश्न येतो. पेंटियम-३ व अॅथलॉनच्या काळातील बोर्ड ५ व्होल्टच्या वाटेवर अधिक भार टाकत, आजचे एसएमपीएस १२ व्होल्टवर भर देतात. बाजूच्या लेबलावर ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहूनच नवा घ्यावा. माळ्यावरून उतरलेला मूळ एसएमपीएस तर, त्यावर ४०० वॅट लिहिलेले असले तरी, नव्या मिळवलेल्या कार्डासह प्रथमच सुरू करण्याचे धाडस करू नये. आधी तो दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्यावा.

जुने खेळ ६४० गुणिले ४८० वा ८०० गुणिले ६०० बिंदूंचे आहेत. जाड नळीच्या मॉनिटरवर ते नेटके दिसतात, आजच्या रुंद पडद्यावर ताणले जातात. घरात जुना मॉनिटर असेल तर तो टिकवावा. नसेल तर चारास तीन प्रमाणाचा, व्हीजीए जोड असलेला सपाट पडदा शोधावा.

शोध कोठे घ्यावा

सीताबर्डीतील जुन्या दुरुस्ती दुकानांच्या मागच्या खोल्या, ओळखीतल्या कार्यालयांचे मोडीत निघालेले संगणक आणि कबाडी या तीन ठिकाणी प्रथम पाहावे. मुंबईला जाणे झाले तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पालथा घालता येईल. परदेशातून मागवायचे तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत पाहावी, अनेकदा कार्डापेक्षा तेच जड होते.

कबाड्याकडे जाण्याची घाई मात्र करावी. कार्डाच्या कडेला सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि तो काढण्यासाठी भंगारात आलेल्या कार्डांची ती कड कापली जाते. एकदा कड कापली की ‘व्हूडू’ आणि रद्दी यांत फरक राहत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार अशा वस्तूंचे पुनर्चक्रण नोंदणीकृत उद्योगांकडूनच व्हायला हवे. घरातला जुना संगणक देण्याआधी त्यातले कार्ड काढून त्यावरचे नाव वाचण्यास पाच मिनिटे पुरतात.

ज्यांना केवळ खेळ हवा, यंत्र नको, त्यांनी यातले काहीच करू नये. ‘डॉसबॉक्स’, ग्लाइडचे सोंग वठवणारे ‘एनग्लाइड’ आणि संपूर्ण जुना संगणक नव्या संगणकात उभा करणारे ‘८६बॉक्स’ ही साधने विनामूल्य मिळतात. सोयीच्या दृष्टीने ती प्रत्यक्ष कार्डापेक्षा सरस आहेत. मूळ यंत्राचा हट्ट हा सोयीचा मामला नाहीच.

बसवताना

कार्ड हातात घेण्यापूर्वी संगणकाची वायर भिंतीतून काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिपला पुरेशी ठरते. कड काळवंडली असेल तर मऊ खोडरबराने हलकेच पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा. आधीच्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकावा, प्रथम चिपसेटचा आणि मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकावा. हा क्रम उलटला की विंडोज ९८ रुसते. पडदा काळाच राहिला तर बोर्डाचा छोटा स्पीकर काय सांगतो ते ऐकावे. अॅवॉर्ड कंपनीचे बायोस असलेल्या बोर्डावर एक लांब आणि दोन आखूड आवाज आले तर तक्रार ग्राफिक्स कार्डाचीच आहे. अशा वेळी संगणक पूर्ण बंद करून, कार्ड काढून, ते पुन्हा सरळ व शेवटपर्यंत बसवून पाहावे. निम्म्या वेळा दोष तेवढाच असतो.